एबिलीनचा आग्रह

हॅलो?… ओवी? अगं, मीच तुला करणार होते… नाही नाही, उठलेय कधीची. इकडे शनिवारची दुपार होत आली. तुमच्याकडे अजून शुक्रवारच ना?… हं. मग मी भविष्यातून बोलतेय असं समज. शनिवार सुखरूप आलाय, घाबरू नकोस.

ए, आधी माझं ऐक. आज जेवणं झाली की बाबा तुझ्या बाबांना, धैर्यशील काकांना, फोन करणारेत. हो म्हणून सांगायला… कशाला म्हणजे? काकांच्या कंपनीतल्या नोकरीला. आम्ही येतोय, ओवी. आमचं हॅमिल्टन बंद, तुमचं टेक्सासचं एबिलीन सुरू… हॅलो? आहेस ना?

मग बोल की काहीतरी. दीड वर्षापूर्वी इथून जाताना विमानतळावर तुझं रडून रडून नाक टोमॅटो झालं होतं, आता मावसबहीण कायमची तुझ्या गावात येतेय तर गप्प?… बरं, खूश आहेस. ऐकू येऊ दे जरा.

तो कसला आवाज येतोय पण?… ढोल नाही गं, ढोलाच्या अलीकडे. छुमछुम. घुंगरू वाजताहेत का?… तुझ्या अंगावर?… थांब, थांब. शाळेचा तो वर्षातला मोठा फुटबॉलचा, होमकमिंगचा सामना आज आहे? आणि हे तू मला आत्ता सांगतेस?… म्हणजे ते फूल खरंच लावतात मुली?… ताटाएवढं? छातीवर?… शेवंतीचं, आणि त्याला गुडघ्यापर्यंत रिबनी, आणि रिबनींना घंटा. अगं, पोळ्याचा बैल झालीस की तू… चिडू नको ना, मला पण हवंय तसलं. पुढच्या वर्षी दोघी लावू. फोटो पाठव… आत्ता का नको?… बरं, नंतर पाठव.

मी? मी ट्रॅम्पोलिनवर पडलेय. पाऊस आत्ताच थांबलाय, पाठ ओली झालीये, तरी पडलेय. रोटोटुनासारख्या उपनगरात शनिवारी दुसरं आहे काय करायला? तीच करडी घरं, तीच करडी कुंपणं. गाडीने ते-रापा भागात जायचं, मॉलमध्ये दोन चकरा मारायच्या, शाळेतले तेच चेहरे, नमस्काराचं तेच किया ओरा, किया ओरा, परत घरी. मला कुठेतरी जायचंय, ओवी. कुठेही. ह्या वर्षी मी डिबेटिंगला उभी राहिले माहितीये ना? अख्ख्या शाळेसमोर. कागद न बघता बोलले. आणि आता एवढी धीट झालेय मी, तर ह्या धीट मुलीला घेऊन जाऊ कुठे? ट्रॅम्पोलिनवर?

म्हणून सांग ना नीट, कसं आहे तिकडे. तू मेसेजवर नुसतं ‘ओके’ लिहितेस… हो, सपाट आहे ते कळलं, ते तू पहिल्याच दिवशी सांगितलंस. सपाट म्हणजे किती? आपल्या शेजारच्या गाईंच्या कुरणांसारखं?… त्याहून? टेकडी नाहीच? एकही?… मग सूर्य मावळतो कुठे?… जमिनीतच. अगं, किती भारी… बरं, ते एक भारी आहे. आकाश. आणि?

वारा… हो… रोजच?… आणि धूळ लाल असते? कपडे दोरीवर नाही वाळत घालत मग… सगळे ड्रायरमध्ये, बाहेर ऊन चाळीस असताना. आईला झटका येईल हे ऐकून.

आणि चालत कुठे कुठे जाता येतं?… नाही म्हणजे?… फूटपाथ मध्येच संपतो?… हं… हं… तू लायब्ररीत चालत निघालीस… आणि दोन गाड्या थांबल्या? कशाला?… गाडी बिघडली का म्हणून विचारायला. तू चालतेस म्हणजे नक्कीच काहीतरी बिघडलंय… हसू नको तर काय करू? आणि एक बाई तर तुला घरापर्यंत सोडून गेली. बघ, माणसं चांगली आहेत की… हो का. सगळेच चांगले… रविवारी कुठल्या चर्चला जाता, हे दुसऱ्याच वाक्यात विचारतात… मावशी काय सांगते मग?… ‘आम्ही गणपतीवाले’? आणि ते काय म्हणतात?… ‘हाउ लव्हली’. मावशीची कमाल आहे.

नाही, ऐक ना, पण एकदा मी आले की दोघी मिळून… अगं पण सोळाव्या वर्षी गाडी चालवता येते ना तिकडे, मग चालायचंय कशाला? आपण दोघी गाडीत, खिडक्या खाली, तुझ्या त्या पवनचक्क्यांच्या मधून… बाबा म्हणाले, काका त्या नव्या कॉम्प्युटरच्या गोडाउनांचं वायरिंग बघतात, तिथेच बाबांना घेणारेत. ते-रापाच्या दुधाच्या फॅक्टरीतला इलेक्ट्रिकल माणूस, सरळ टेक्सासला… बारा तास? काका रोज बारा तास असतात साइटवर?… रविवारी पण? मग घरी कोण असतं?… हं.

ओवी, एक विचारू? सामना सुरू झालाय ना?… वाजतोय बँड, मला ऐकू येतोय. मग तू माझ्याशी का बोलतेयस?… पार्किंगमध्ये? एकटीच? ते एवढं मोठं फूल लावून?

ते कुणी दिलं तुला?… नाही, मी वाचलंय, मित्र देतो किंवा मैत्रीण देते… मावशीने?… तिने स्वतः बनवलं. व्हिडिओ बघून. हं… कथकचे जुने घुंगरू तोडून लावले… अगं, रडू नको ना. ए. मावशीने केलंय तर छानच असणार… नाही, मला कळतंय. छान आहे म्हणूनच. कळतंय. तू आत गेलीस आणि सगळ्या घोळक्याघोळक्याने उभ्या होत्या… कुणी काही बोललं का?… ‘सो प्रिटी’ म्हणाल्या आणि परत घोळक्यात. हं.

मग काय, मी येतेच आहे. मी आले की आपलाच घोळका. दोघींचा का होईना… काय?

काय म्हणालीस?

नाही, ऐकू आलं. परत सांग… तुला परत यायचंय. इकडे… कधीपासून?… अगं मग सांगायचं ना… कुठे राहणार म्हणजे?… आमच्याकडे? ह्याच घरात? शेवटचं वर्ष पूर्ण होईपर्यंत, माझ्या खोलीत… तू आईला विचारणार होतीस. आज. म्हणून फोन केलास.

आणि मी पहिल्याच वाक्यात घर बंद करून टाकलं.

थांब. मला उठून बसू दे.

पण मावशीला माहितीये का?… तिला चालेल?… ‘जा, मी पण आले असते’, असं म्हणाली? मावशी? अगं गेल्याच रविवारी तिने आईला व्हिडिओ कॉलवर ते कपड्यांचं कपाट आत शिरून दाखवलं, साड्यांना काय जागा आहे बघ म्हणत होती… त्याच कपाटात? दार लावून? ओवी, कपाटात बसून कोण रडतं… हो, म्हणजे खोलीएवढं आहे, पण तरी.

मला समजत नाहीये. तिला एवढं नकोसं झालंय तर आम्हाला ‘या, या’ कशाला म्हणाली? मी होते तिथे, मी ऐकलंय. पहिल्यांदा म्हणाली, ‘तुम्हीपण याच ना इकडे.’ आई म्हणाली, ‘छे गं, आमचं कसलं.’ मग गुढीपाडव्याला परत… हो, तेव्हा आई म्हणाली, ‘बघू, ह्यांना विचारते.’ मग काकांनी त्यांच्या साहेबांकडे शब्द टाकला, आणि तिसऱ्यांदा मावशी म्हणाली…

काय? मावशीला वाटलं आईलाच यायचंय? आई ‘बघू’ म्हणाली म्हणून?… अगं आई सगळ्यालाच ‘बघू’ म्हणते. तिला कुणी श्रीखंड आणखी वाढलं तरी आधी नको म्हणते, मग बघू म्हणते, तिसऱ्यांदा वाटी पुढे करते. तिसऱ्यांदा नाही म्हणणं बरं दिसत नाही ना… हो, आणि वाढणाऱ्यालाही थांबता येत नाही. पण ओवी, हे श्रीखंड नाहीये. सोमवारी विक्रीसाठी घराचे फोटो काढायला माणूस येणारे. बाबा आत्ता मागचा छपराखालचा लाकडी डेक रंगवताहेत. मला इथून दिसताहेत ते.

नाही, आईलाही यायचं नाहीये… मला माहितीये. कारण मी ऐकलंय. परवा बाबांना म्हणत होती, ‘ताई एकटी पडलीये तिकडे, एवढं म्हणतेय तर नाही कसं म्हणू?’ तिने मागच्या महिन्यातच नवा विभाग घेतलाय हॉस्पिटलमध्ये, तीन वर्षं वाट बघून. सोडणार म्हणाली. चेहराही बदलला नाही तिचा… बाबा? बाबा म्हणाले, ‘तुम्ही दोघी बहिणी एकत्र, सुरुची तर नाचतेच आहे, मग माझं काय, वायर कुठेही वायरच.’

हो. सुरुची तर नाचतेच आहे.

म्हणजे बघ ना. मावशी आईसाठी. आई मावशीसाठी. बाबा आमच्यासाठी. काका मावशीसाठी. आणि ज्या गावात तू स्वतः राहायला तयार नाहीस, तिथे यायची खरी इच्छा असलेली अख्ख्या दोन्ही घरांत मी एकटी… हसू नको. मला रडायला येतंय आणि तू हसतेयस… हो, मग दोन्ही कर.

काय?… नको का सांगू आईला?… मावशीने शपथ घातली? म्हणून? ओवी, तू मला सांगून बसलीस, आता काय उपयोग… नाही, मी शब्द नाही देत… नाही… अगं, ऐक ना. ऐक.

खरं सांगू? मला आत्ता फोन ठेवून द्यावासा वाटतोय. लाइन कट झाली म्हणावं. तू काही बोललीच नाहीस. बाबा दुपारी हो म्हणतील, आणि जानेवारीत मी तुझ्या शाळेत, ताटाएवढं फूल लावून. मला जमेल तिकडे. चर्च विचारलं तर चर्चही बघून येईन. मला वारा चालेल, धूळ चालेल, सपाट तर मला हवंच आहे… हो, तू पण असशील… हो. कपाटात मावशी पण असेल.

गप्प बस जरा. चालतेय मी… लॉनवर. अनवाणी. गोलगोल… माहितीये तुला, मला कसला राग येतोय? मी एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, मला हवंय म्हणजे सगळ्यांनाच हवंय… तू काय सांगणार, मीच तर बोलत होते दर फोनला.

थांब, फोन ठेवू नको. मी आत जातेय… काय करणार माहीत नाही. तू ऐक नुसती. आवाज करू नको, आणि ते घुंगरू धर हाताने.

आई… नाही, कपडे नाही आणले आत, राहू दे. पाऊस थांबलाय… ओवी आहे फोनवर… हो, ‘कशी आहेस’ विचारते, पण आधी माझं ऐक. भाकरी खाली ठेव… तव्यावरची पण. गॅस बंद कर.

मावशीने तुला नुसता आग्रह केला होता.

एबिलीनचा… नाही, तिने मनापासूनच केला, पण तुझ्यासाठी. तुला यायचंय असं वाटलं तिला. तिचं स्वतःचं मन लागत नाहीये तिथे. ती तुला सांगत नाही, कारण तू मोठ्या हौसेने निघालीयेस… आई, तू निघालीयेस का हौसेने? खरं सांग… बघू नाही. आत्ता बघू म्हणू नकोस. हो की नाही?

…

नाही… बरं.

बाबांना मी बोलावते. बाबा… बाबा, ब्रश ठेवून आत या… हो, पायांना रंग असला तरी या.

काय?… मला? माझं काय विचारतेस?

हो. मला जायचंय… तू विचारलंस म्हणून सांगतेय. खूप जायचंय… नाही, मग तू लगेच परत हो म्हणू नकोस ना माझ्यासाठी. तेच तर नकोय. तुझं तोंड बघ, सुरू झालीस. मी दीड वर्षाने कॉलेजला कुठेही जाऊ शकते, आई. तुला तो विभाग परत नाही मिळणार. आणि मावशीला शेजारी आपण नकोत, तिला तिथून निघता यायला हवंय.

आणि ओवीला आपल्याकडे राहायचंय… खरंच. ती विचारणारच होती तुला… हो, आत्ता ऐकतेय ती… हॅलो, ओवी? आई म्हणतेय, हे विचारायचं काय त्यात… नाही, आग्रह नाहीये. मी खात्री केली. एकदाच म्हणाली आणि डोळे पुसले.

मी? मी ठीक आहे… नाही, ठीक नाहीये. रागावलेय. तुझ्यावर नाही, गावावर नाही, कुणावर कळत नाही. तू आलीस की आठवडाभर मी तुझ्याशी नीट बोलणार नाही, आधीच सांगून ठेवते. पण ये.

थांब, आईने तिच्या फोनवरून मावशीला लावलाय… वाजतोय… घेतला. स्पीकरवर आहे… मावशी म्हणतेय, ‘अगं, आत्ता मध्येच?’ आई म्हणतेय, ‘सहज.’ अगं देवा. सहज म्हणाली… आता आई विचारतेय, उकडतंय का फार… मावशी म्हणतेय, नाही नाही, छान हवा आहे…

आई, बास ना.

…

नाही गं ओवी, काही नाही. दोघी गप्प झाल्यात… बाबा दारात उभे आहेत, त्यांनाही काही कळत नाहीये.

आता आई ‘ताई’ म्हणाली. नुसतं ताई.

ठेव तू. मावशीला घरी कुणीतरी लागेल थोड्या वेळाने… हो. ठेवते.