नानेटी, पाणदिवड आणि तिसरा

मी आज तुमच्यासोबत चहा पितेय ती मोठ्या बाबांमुळे, हे आधीच सांगते. मोठे बाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, सावली गावात आमच्यासोबतच राहतात. प्राणिशास्त्र शिकून आल्यावर मी त्यांना रोज साप शिकवायचे. नानेटी पिवळ्या पट्ट्यांची आणि गरीब, हातात घेतली तरी चावत नाही. पाणदिवड चौकड्याची आणि तिरसट, धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, मला दोनदा चावली. पण विष दोघींनाही नाही. मोठे बाबा नुसतं "हो बाई" म्हणायचे. त्या "हो बाई"चा मला फार राग यायचा.

एकदा भरदुपारी तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगाखाली काळा, पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा साप निघाला. काडीने डिवचलं तर त्याने फक्त डोकं वेटोळ्यात लपवलं.

"कवड्या आहे, बिनविषारी. किती गरीब आहे बघा," म्हणत मी हात पुढे केला. मोठ्या बाबांनी माझं मनगट गच्च धरून मला मागे ओढलं.

"काऊन?" मी ओरडले.

"पट्टे पाह्य. मानेजवळ नाई, शेपटीकडे दाट. कवड्याचं उलटं राह्यते. आन् कवड्याले डिवचलं तर तो चावाले येते. हा मण्यार होय. दिवसा असाच गुपचूप पडून राह्यते."

सर्पमित्र साप घेऊन गेल्यावर मी रडतच विचारलं, "एवढं माहीत होतं, तर माझी बडबड काऊन ऐकत होता?"

"चिडक्याचं भेव नसते बाई," ते म्हणाले. "तू गुपचूप राह्यली असती, तर भेलो असतो."