न संपलेला हळदीचा कार्यक्रम

माझ्यावर घरातल्या कोणी म्हणजे कोणीच विश्वास ठेवला नाही, हे आधी सांगते. वसमतजवळ आमची हळदीची गिरणी आहे. दुपारी सगळे शेतात, गिरणीवर मी एकटी. पत्र्याच्या फटीतून ऊन येतं, त्यात पिवळी धूळ तरंगत राहते. त्या पिवळ्या उजेडात रोज अनोळखी माणसं येऊन उभी राहायची, वास घ्यायची, हसायची आणि पाणी पिऊन निघून जायची.

नवरा म्हणाला, "डोळा लागला असंल. सपान पडलं तुला." सासू अंगारा घेऊन आली. मलाही वाटायला लागलं, मी जागी आहे का झोपेत?

एक दिवस आलेल्या बाईचा हातच धरला. "खरं सांग, तू हाईस का न्हाईस?"

"मावशी, कार्यक्रम चालू आहे ना? तुमच्या वेबसाइटवर आहे."

तिला तशीच धरून घरी नेलं, सगळ्यांना शेतातून बोलावून घेतलं. वेबसाइट सुनेनं केलेली. 'हळद दळताना बघायला या' असं एका दिवसाच्या कार्यक्रमाचं पान टाकलं होतं. तो होऊन महिना झालेला.

"मग अजून चालू काहून दाखवून राहिलं?" मी विचारलं.

"संपायची तारीख टाकलीच न्हाई," सून म्हणाली आणि तिच्या सासऱ्याकडं, म्हणजे माझ्या नवऱ्याकडं, बघितलं. "मामा, तुमीच म्हणलात, पाहुण्याला निघायची येळ सांगू नये."

लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं घेतलं.

दगडूराव.