डिंफनाच्या बाजूची भिंत

घरातली ऊब कुठून गळते ते, गार निळं आणि ऊबदार लाल असं, दाखवणारा कॅमेरा बालिना गावच्या वाचनालयात पुस्तकासारखा आठवडाभर मिळतो. तो परत करायला दोन म्हातारे भाऊ रांगेत होते. मागे उभ्या ग्रॉन्याला न ऐकण्याची सोयच नव्हती.

“दादा, त्यात तू सगळा निळा दिसलास.”

“जिवंत होतो ना, फिंटन?”

“तोंड तेवढं लाल होतं. पण आपली ऊब सापडली. सगळी शेजारच्या डिंफनाच्या घरात जाते, मधल्या भिंतीतून.”

“तिने तर दोन हिवाळे शेगडी पेटवली नाही. म्हणते, आमचं घराणंच काटक.”

“आपल्या जिवावर काटक! सोमवारी भिंतीला ऊब अडवणारं अस्तर लागलं की गारठेल बिचारी.”

“शेगडी पेटव म्हणून सांग तिला.”

“तूच सांग. मागे नुसतं सूप नेलं, तर आठवडाभर दार उघडलं नाही तिने.”

काउंटरवरच्या बाईने फॉर्म काढला. “हा सोमवारच्या कारागिरांकडे जाईल. गळती कुठे आहे?”

फिंटनने दादाकडे पाहिलं.

“माळ्यावर,” दादा म्हणाला. “भिंती ठणठणीत आहेत.”

दोघे दाराकडे वळले.

“दादा, मग हीटर एक आकडा वाढवायचा?”

“दोन. जानेवारी आहे.”