कलिंगड म्हणजे काय

सासू: अगं, नुसती हिरवी साल काढ. पांढरा भाग कशाला खरवडतेस? त्याचीच तर भाजी करायचीय.

सून: आई, कालची भाजी बाबांनी तोंडातून काढून टाकली.

सासू: काल मी मिरची घातली. माझंच चुकलं. अर्धांगाचा झटका आलेल्या माणसाच्या जिभेला मिरची कशी सोसेल? आज मीठ आणि चिमूटभर आलं, बस्स.

सून: त्याच्या आधी रस केला होता, पुदिना घालून. तोही नको म्हणाले.

सासू: नको कुठे म्हणाले? ठसका लागला. पाण्यासारखा पातळ रस घशात उतरेल का त्यांच्या? म्हणून आज गर घोटून दाट करते. हे बघ, चमचा उभा राहायला पाहिजे. आणि बिया काढ नीट. काळ्या दिसतात म्हणून तेवढ्याच वेचू नकोस, पांढऱ्या पण काढ. तुझ्या माहेरी बियांसकट गिळत असतील.

सून: माहेरी आम्ही फोडी कापून खायचो, आई. एवढे प्रकार कोणी करत नाही.

सासू: नाही करत, म्हणून तर म्हणते, शीक.

आतून: कलिंगड.

सासू: आणते हो! घोटतेय! ऐकलंस? दवाखान्यात डॉक्टर विचारून विचारून दमले, तुझा नवरा कानाशी ओरडून दमला, तोंडातून हूं की चूं नाही. घरी आणलं, गादीवर निजवलं आणि पहिला शब्द काय, तर कलिंगड! जन्मभर ताटात काय वाढलंय ते न बघता जेवले. मी मीठ विसरले तरी कळायचं नाही. आता कुठे तोंड उघडून मागतायत, तर मी करू नको?

सून: करा हो. पण…

सासू: तुझा हा ‘पण’ सकाळपासून माझ्या पायात येतोय. काय ते बोलून टाक एकदाचं.

सून: तुम्ही आधी बसा.

सासू: गॅसवर भाजी आहे, बसू कुठे? बोल.

सून: काल त्यांचा पाय चादरीत अडकला होता. मी आत गेले, तेव्हाही ते कलिंगडच म्हणत होते.

सासू: मग? पाय अडकला म्हणून भूक लागत नाही का?

सून: पाय सोडवला, तेव्हा गप्प झाले.

सासू: तुला बघून गप्प झाले असतील. सुनेकडे मागायला संकोच वाटतो त्यांना.

सून: आई, त्या बोलायला शिकवणाऱ्या बाई आहेत ना, त्यांना मी विचारलं. त्या म्हणाल्या, असं होतं कधीकधी. सगळे शब्द जातात आणि एखादाच अडकून राहतो. मग काहीही सांगायचं असलं की तोच बाहेर येतो. पाणी पाहिजे असेल, कूस बदलायची असेल, काहीही. त्या दिवशी घरातून निघताना बाबा कलिंगड आणतो म्हणाले आणि उंबऱ्यातच…

सासू: कधी विचारलंस?

सून: झाले थोडे दिवस.

सासू: आणि इथे माझ्यासमोर बसून बिया वेचतेस?

सून: हे म्हणाले, आईला इतक्यात सांगू नकोस. कामात आहे तर राहू दे.

सासू: वा रे माझा लेक! म्हणजे म्हातारीला भातुकली मांडून दिलीत. मी आपली रस कर, वड्या कर, साली पाकात मुरव. आणि तुम्ही नवरा-बायको आत जाऊन काय, हसत होतात?

सून: हसणं कसं येईल, आई? मलाच रोज वाटायचं, आज खातील. आज खाल्लं की त्या बाईंचं खोटं ठरेल.

सासू: त्या बाईला काय कळतंय! चार भिंतींत बसून चित्रं दाखवते. मी संसार केलाय यांच्याबरोबर. नुसत्या खोकण्यावरून मी सांगत होते, चहा हवाय की भांडण. थांब, इथून दारातूनच तुझ्यासमोर विचारते. अहो! पंखा वाढवू का?

आतून: कलिंगड.

सासू: उशी टोचतेय का? मान हलवा नुसती. बघ, हलवली. हो म्हणाले.

सून: उशी काढून बघा, तरी हलवतील. मान पण उलटसुलट हलते त्यांची. हो आणि नाही यातलं काहीच धरू नका असं सांगितलंय.

सासू: मग धरायचं काय माणसाने? अहो, इकडे बघा. दुखतंय का कुठे? छातीत? पोटात? हात ठेवून दाखवा.

आतून: कलिंगड. कलिंगड.

सासू: लेकाला बोलवू का? नको? बरं, हे तरी सांगा. मी कोण?

आतून: कलिंगड.

(सासू पदरात तोंड खुपसते. कढई चरचरत राहते.)

सून: आई? हसताय का रडताय?

सासू: मला तरी कुठे कळतंय! लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून कधी नावाने हाक मारली नाही त्यांनी. अगं, ऐकलंस का, कुठे गेलीस. तेवढ्यावर भागत होतं. आता म्हणे कलिंगड.

सून: भाजी लागतेय. मी उतरवते.

सासू: उतरव. अगं, त्यांना कळत असेल का?

सून: काय?

सासू: की तोंडातून भलतंच निघतंय. आत बरोबर बोलत असतील. म्हणत असतील, पाणी दे, पाणी दे, आणि ही बया वाडगं घेऊन उभी. उघडा तोंड, तुमच्यासाठीच केलंय. काल तर मी चिडले. म्हटलं, मागायचं आणि थुंकायचं, ही काय थट्टा आहे? तेव्हा बघत राहिले होते माझ्याकडे. डोळ्यांत पाणी होतं.

सून: तुम्हाला माहीत नव्हतं.

सासू: आता माहीत आहे. म्हणून काय करता येतंय? विचारायची सोय नाही, सांगायची सोय नाही. जगाला शब्दांत पुरून उरले मी, आणि घरच्या माणसाचा एक शब्द मला लागेना.

सून: हा घोटलेला गर काय करू?

सासू: ठेव झाकून. नाहीतर तू खा. विचारू नकोस मला.

आतून: कलिंगड.

सून: तुम्ही थांबा, मी बघते काय हवंय.

सासू: नको. मला बोलावतायत.

सून: कशावरून?

सासू: कशावरून नाही. हात पुसायला फडकं दे.