शेणातली टरफलं

(दोघं फोनवर. सासरे गोठ्यात, सून पशुखाद्याच्या कारखान्यात.)

सून: मिक्सरमध्ये? बाबा, ते दाणे तुम्ही मिक्सरमध्ये दळलेत?

सासरे: जोरात बोल, कान गेलेत माझे. हो, पार पीठ केलं. शेणात तुझे दाणे जसेच्या तसे दिसत होते. म्हटलं, सूनबाईचा कारखाना शेणालाच खाऊ घालतोय.

सून: ती रिकामी टरफलं होती! आतलं पोटात हळूहळू सुटतं, लेप तेवढा बाहेर पडतो. दिवसभर ड्रमवर उभी राहून मी तो लेपच तर चढवते. तो फोडला की सगळं एकदम सुटतं. किती गाईंनी खाल्लं?

सासरे: एकीनं.

सून: बाबा.

सासरे: तिघींनी.

सून: कधी?

सासरे: अर्धा तास झाला. म्हातारी गाय लटलट कापतेय, तोंडाला फेस आलाय. अगं, होतं काय त्यात?

सून: युरिया.

सासरे: शेतात टाकतात तो? मला तर प्रोटीनचे दाणे म्हणाली होतीस.

सून: युरिया म्हटलं असतं तर तुम्ही पिशवी उकिरड्यावर फेकली असती. चुकलं माझं. त्यावर उतारा म्हणजे व्हिनेगर. घरात किती आहे?

सासरे: दीड बाटली.

सून: सगळं थंड पाण्याच्या बादलीत ओता. कारखान्यातले जनावरांचे डॉक्टर लगेच पाठवते, पण पाऊण तास लागेल. उभ्या असतील त्यांना पाजा. मान फार वर ताणू नका, फुफ्फुसात जाईल.

सासरे: म्हातारी आडवी झाली.

सून: मग तिला नको.

सासरे: तुझ्या लग्नाच्या वर्षी आणली तिला. एवढीशी कालवड होती.

सून: माहितीये मला. आडव्या गाईला पाजलंत तर जागीच गुदमरेल. उभ्या आहेत त्यांना, बाबा. आज तरी माझं ऐका.

सासरे:

सून: बाबा?

सासरे:

सून: बाबा!

सासरे: पाजलं. दोघींना. अर्धं माझ्याच अंगावर सांडलं.

सून: आणि म्हातारी?

सासरे: मान टाकलीय. श्वास चालू आहे की नाही, मला ऐकू येत नाही गं. फोन तिच्या नाकाशी धरतो. तू ऐक.

सून: धरा.

सासरे: धरलाय. येतोय आवाज?

सून:

सासरे: सूनबाई?

सून: अजून जवळ धरा, बाबा.