कादंबरीतली कोरडी विहीर

माझ्या लिखाणात कुणी नाक खुपसलेलं मला खपत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पुस्तकं मी पदरमोड करून छापतो, ती त्यासाठीच. पण एकदा मलाही हात टेकावे लागले.

बहात्तरच्या दुष्काळात कळंबजवळ माझ्या रानात विहीर खणायचं काम चाललं होतं. लिहिलेलं मोठ्यानं वाचल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही, म्हणून मी काठावर बसून नव्या कादंबरीचा शेवट वाचत होतो. तिच्यातही एक विहीर होती, आणि ती कोरडी निघत होती.

तेवढ्यात मुकादम शब्बीरभाई टिकाव टाकून वर आले. मागोमाग सगळे गडी.

"काय झालं, शब्बीरभाई?"

"हिरीच्या तोंडाशी बसून असलं अभद्र बोलता व्हय? आधी तुमच्या कागदावरल्या हिरीला पाणी लागू द्या, मग आमी खाली उतरतो."

"अहो, ती गोष्ट आहे! मी कुणासाठी एक शब्द बदलत नाही."

"नका बदलू. आमी बी उतरत न्हाय."

शेवटी त्यांच्यासमोर ओळ खोडली, कंबरभर पाणी लिहिलं आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. गडी उतरले. अन् आठवड्याच्या आत खरंच झरा फुटला!

पुस्तक निघाल्यावर एक समीक्षक मुद्दाम रानात भेटायला आले. म्हणाले, "सगळं झकास आहे हो, पण शेवटी पाणी लागतं, ते काही पटत नाही."

मी उठलो, विहिरीचं पाणी शेंदलं आणि भरलेला तांब्या त्यांच्या हातात दिला.

"घ्या, पटेपर्यंत प्या."