रघुनाथपंतांनी मागे घेतलेलं व्याख्यान

मंडळी, आपापली कामं टाकून आज आपण ठाकूरद्वारच्या या वाडीत जमलात. गेलेल्या रघुनाथपंतांना निरोप द्यायला. मी नि रघुनाथपंत एकाच शाळेतले मास्तर. तुमचे ते पंत, मला तो रघूच. अडखळलो तर सांभाळून घ्या.

त्याचं वेड आपल्याला ठाऊक आहे. चिमूटभर मीठ ज्योतीत टाकायचं नि तो पिवळा उजेड लोलकातून पाहायचा. लोलकातून उजेडाचे रंग सुटे होतात, त्यात मिठाची पिवळी रेघ ठरलेल्या जागी पडते. रोहिणी ताऱ्याच्या उजेडातही तीच रेघ असते, काळी. मी म्हटलं, "बरं मग?" तर म्हणाला, "अरे, हा उजेड ताऱ्यापासून निघून कित्येक वर्षं झाली. सृष्टीचे नियम तेव्हाही हेच होते का, ते या रेघेवरून कळेल!" केवढा प्रश्न! आणि विचारणारा कोण? चाळीच्या गच्चीवरचा एक मास्तर!

एका हिवाळ्यात ताऱ्याची रेघ सरकलेली दिसली. सलग आठ दिवस. नियम बदलतात! मी तर हवेतच. त्याच्या व्याख्यानाची सभा ठरवली, हँडबिलं वाटली. आदल्या संध्याकाळी हा माझ्या दारात.

"चुकलं रे. गच्चीवर वाऱ्याने ज्योत विझते, म्हणून मिठाची रेघ दुपारी खोलीत मोजली नि ताऱ्याची गारठ्यात. लोलक गार झाला की रेघ सरकते. काल रात्री आडोसा करून मीठ गच्चीवरच जाळलं. तर मिठाची रेघही तेवढीच सरकली."

मी काय म्हणालो? "कुणाला कळतंय? गप्प बस." हो, मीच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी हा भरल्या सभेत उभा राहिला. "तारा बरोबर, मीठ बरोबर, मी चुकलो." लोक हसले. कुणी शिट्टी मारली. हा आपला चूक कुठे झाली ते फळ्यावर काढून दाखवतोय. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो का? नाही. मागच्या दाराने सटकलो. लाज वाटते, मंडळी.

त्याने एका शब्दाने बोल लावला नाही. पुढे प्रत्येक हिवाळ्यात मोजत राहिला, मीठ नि तारा दोन्ही गच्चीवर. दोन्ही रेघा दर वेळी एकाच जागी. "काय मिळवलंस?" मी विचारलं. म्हणाला, "माझ्या लोलकाला दिसेल एवढं तरी काही बदललेलं नाही. पुढचं, ज्याचा लोलक चांगला तो बघेल."

असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या दिवशी त्याच्या बाजूने एकही उठला नव्हता. आज उठूया. क्षणभर कुणी काही बोलू नका.